सोरायटिक आर्थ्रायटिस: गुण आला नाही म्हणजे रुग्ण चुकला, असं नाही

सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारा संधिवात, याबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे ढकलला जातो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: औषध अस्सल असेल तर ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं, ज्यांना गुण येत नाही ते पथ्य पाळत नाहीत किंवा दुखणं वाढवून सांगतात, त्यात बायका पुढे, वजन उतरवलं की औषधाची गरजच उरत नाही, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला की आजार गेला, आणि एक इंजेक्शन फुकट गेलं की बाकीचीही फुकटच जाणार. हे वाचून कुणी औषध सोडलं तर सांध्याची झीज होत राहते, आणि झिजलेलं हाड पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून यातलं एकेक विधान तपासायला हवं.

"अस्सल औषध सगळ्यांना लागू पडतं."

अडॅलिम्युमॅब हे टीएनएफ (शरीरातला दाह वाढवणारा एक पदार्थ) रोखणारं इंजेक्शन. त्याची या आजारावरची मोठी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनी, औषध घेतलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांचं सांध्यांचं दुखणं आणि सूज किमान २० टक्क्यांनी उतरली होती. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. औषधाचा गुण यातून निःसंशय सिद्ध होतो. तरीही दहातले चार जण त्या २० टक्क्यांपर्यंतही पोचले नाहीत, आणि तेही डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली असताना. त्यांनी पथ्य मोडलं असं कुणी म्हणेल का?

मुळात हा आजार प्रत्येकात वेगळं रूप घेतो. कुणाचं सबंध बोट सुजतं, कुणाची टाच दुखते, कुणाचा मणका सकाळी तासभर आखडलेला असतो. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं जुनं, नेहमीचं औषध मणक्याच्या दुखण्यावर फारसं चालत नाही. इंटरल्यूकिन-१७ हा दाह वाढवणारा दुसरा पदार्थ रोखणारी इंजेक्शनं त्वचेवर उत्तम काम करतात, पण ज्याला क्रोन्ससारखा आतड्यांचा आजार आहे त्याला ती टाळतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाला काय लागू पडलं, यावरून स्वतःचं औषध ठरवता येत नाही.

"बायका दुखणं वाढवून सांगतात."

या विधानाची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण ते एका खऱ्या निरीक्षणाच्या आडून येतं. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांचा परिणाम स्त्रियांमध्ये सरासरीने कमी दिसतो आणि त्या ही औषधं पुरुषांपेक्षा लवकर थांबवतात, असं युरोपातल्या रुग्ण-नोंदींमध्ये वारंवार आढळलं आहे. पण त्याचा अर्थ काय? उपचार सुरू होतानाच स्त्रियांमध्ये वेदना, थकवा आणि रोजच्या हालचालींतली अडचण सरासरीने जास्त असते. फायब्रोमायल्जिया, म्हणजे मज्जासंस्थाच वेदनेला अतिसंवेदनशील होणं, हाही त्यांच्यात अधिक आढळतो.

आता आजार आटोक्यात आला हे कसं मोजतात ते पाहा. प्रचलित निकष सात आहेत. त्यातले पाच पूर्ण व्हावे लागतात. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, त्वचा यांच्यासोबत रुग्णाने स्वतः दिलेला वेदनेचा आकडाही त्यात असतो, आणि तो १०० पैकी १५ किंवा त्याहून कमी असावा लागतो. सूज पूर्ण उतरली, पण फायब्रोमायल्जियाची वेदना राहिली, तर कागदावर औषध नापास होऊ शकतं. ती वेदना खरीच असते. फक्त तिच्यावर इलाज निराळा लागतो: झोप, व्यायाम, मन, वेगळी औषधं. कुठली वेदना सुजेची आणि कुठली नाही, हे ठरवायला डॉक्टरांनी सांधे हाताने तपासावेत, शंका असेल तर सोनोग्राफी करावी. बाईला खोटं ठरवणं ही तपासणी नव्हे.

"वजन उतरवा, औषध लागणार नाही."

अर्धं सत्य. चरबीच्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ सारखे दाह वाढवणारे पदार्थ स्वतःच सोडत असतात. शिवाय बहुतेक इंजेक्शनांचा डोस सगळ्यांना एकच असल्याने मोठ्या शरीरात तो पातळ होतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखं एखादंच औषध वजनाच्या हिशेबाने देतात. त्यामुळे लठ्ठपणात गुण कमी येतो, हे खरं.

इटलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीएनएफ-रोधक सुरू करणाऱ्या, जास्त वजनाच्या रुग्णांना सहा महिने पाहिलं गेलं. ज्यांचं वजन ५ टक्क्यांहून कमी उतरलं त्यांच्यापैकी साधारण २३ टक्क्यांचा आजार आटोक्यात आला. १० टक्क्यांहून जास्त उतरलं त्यांच्यात साधारण ६० टक्क्यांचा. पण हे सगळे औषध घेत होते. वजन उतरल्याने औषधाला जोर आला, औषधाची जागा त्याने घेतली नाही. आणि ज्याच्या टाचा, गुडघे ठणकताहेत त्याला "चाला, वजन कमी करा" एवढंच सांगून वाटेला लावणं क्रूरपणाचं आहे. आधी सूज उतरवा, मग चालणं शक्य होतं. आहाराचं काम मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करता येतं.

सिगारेटबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. धूम्रपान करणाऱ्यांना टीएनएफ-रोधकांचा फायदा कमी होताना दिसला आहे. जॅक गटातल्या गोळ्या (पेशींच्या आतले दाहाचे संदेश रोखणाऱ्या) तर धूम्रपान, हृदयविकार किंवा ६५ च्या पुढचं वय असेल तेव्हा फार जपून देतात.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही."

चूक. या आजारात कित्येकांचा सीआरपी (रक्तातली दाह दाखवणारी चाचणी) सांधे सुजलेले असतानाही नॉर्मल असतो, आणि आरए फॅक्टर (ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठीची रक्तचाचणी) सहसा निगेटिव्हच येतो. वाढलेला सीआरपी हा टीएनएफ-रोधकांना चांगला प्रतिसाद मिळण्याचा एक संकेत मानतात. नॉर्मल सीआरपी आजार नसल्याचा पुरावा होत नाही. या गैरसमजापायी निदानच लांबतं. आयर्लंडमधल्या २०१५ च्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यावर तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये हाडांची झीज आणि अपंगत्व अधिक दिसलं.

"एक फसलं की सगळी फसतात."

आधी एखादं बायोलॉजिक (टीएनएफ किंवा इंटरल्यूकिन रोखणारं वरच्यासारखं इंजेक्शन) घेऊन झालेल्यांना पुढच्याचा गुण थोडा कमी येतो, हे चाचण्यांत दिसतं. कमी येतो, शून्य नव्हे. पहिलं औषध सुरुवातीपासूनच चाललं नाही, की वर्षभर छान चालून मग त्याचा असर ओसरला, की त्रास झाला म्हणून थांबवलं, यावर पुढची निवड ठरते. सुरुवातीपासूनच चाललं नसेल तर बहुधा गट बदलून पाहतात. असर नंतर ओसरला असेल तर त्याच गटातलं दुसरंही चालू शकतं. साधारण तीन महिन्यांनी सुधारणा दिसते का ते तपासतात, सहा महिन्यांनी आजार आटोक्यात आला का ते. म्हणून कुठलं औषध कधी सुरू केलं, किती दिवस बरं वाटलं, नेमकं कशामुळे बंद केलं, हे तारखांसकट लिहून संधिवाततज्ज्ञांपुढे ठेवा.