मृत्युपत्र? छे, शुभ बोला!

मृत्युपत्राचा विषय काढला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: "शुभ बोल रे नाऱ्या!" बरोबरच आहे. इच्छापत्र लिहिणारा दुसऱ्या दिवशी जातो आणि न लिहिणारे अमर असतात, हे सिन्नरपासून सटाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा लिहू नकाच. घरच्यांची नीट वाट लावायची असेल तर पुढच्या गोष्टी मात्र आवर्जून करा.

नॉमिनी लावला की वारस ठरला, असं छातीठोक सांगत फिरा. नॉमिनी म्हणजे फक्त रक्कम ताब्यात घेणारा, मालक वारसच, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत 1983 मध्ये सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये. (विम्याच्या कायद्यात 2015 पासून आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर अपवाद आहे.) पण चुलतभावाला जास्त कळतं. सातपूरला नोकरी लागली तेव्हा पीएफला आईचं नाव दिलं होतं ना? राहू द्या. लग्न झालं की ते नामनिर्देशन नियमानेच बाद होतं, नवं भरावं लागतं. बँकेत तर 1 नोव्हेंबर 2025 पासून चार-चार नॉमिनी देता येतात. तुम्ही एकही देऊ नका.

हौस म्हणून मृत्युपत्र लिहिलंच, तर अडचण अशी की ते फार सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांनी तुमची सही पाहून आपापली सही ठोकायची, संपलं. तरी प्रयत्न केल्यास घोळ घालता येतो. तारीख टाकू नका, म्हणजे दोन कागद सापडले तर शेवटचा कुठला यावर पोरांची काही वर्षं सहज जातील. गट नंबर कशाला, "मळ्याकडची जमीन" पुरे. साक्षीदार आपल्याहून वयाने मोठे निवडा. सही शाबीत करायला कोर्टात त्यांना उभं करावं लागतं, तोवर तेही रामकुंडावर पोचलेले असतील. आणि तयार झालेला कागद फक्त तुमच्या एकट्याच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवा.

आधारवर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळू, पॉलिसीवर बी. के. असंच चालू द्या. हे तिघे एकच होते असं प्रतिज्ञापत्र वहिनी करतील.

मोबाइलचा पासवर्ड सोबत न्या.

फ्लॅट अल्पवयीन मुलाच्या नावावर घ्या. उद्या फीसाठी विकायची वेळ आली तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे त्याच्या आईला आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. तेवढंच तिला बाहेर पडायला निमित्त.

टर्म पॉलिसी घेताना 1874 च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याचा फॉर्म भरू नका. तो भरला की रक्कम बायको-मुलांची होते, तुमच्या कर्जवाल्यांना तिला हात लावता येत नाही. डोक्यावर द्राक्षबागेचं कर्ज असणाऱ्याने तर हे कटाक्षाने टाळावं. पॉलिसी निघाल्यावर ही सोय मागून मिळत नाही, म्हणून एजंटने विचारलंच तर म्हणा, "नंतर बघू."

राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाका. मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर अधिभार आणि नोंदणी फी. फक्त "मुलगा आमचा सांभाळ करील" ही अट त्यात येऊ देऊ नका. ती असली आणि पोराने पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली घर परत मागता येतं. एवढा अविश्वास बरा दिसत नाही.

आता खरा उपाय. बहिणींच्या सह्या. याला मुहूर्त लागतो, आणि तो दशक्रियेचा. गेल्याच आठवड्यात एका दशक्रियेत हे पाहिल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. पिंड ठेवलेला, कावळ्याची वाट बघत सगळे ताटकळलेले, आणि इकडे जाजमाच्या कडेला बहिणीपुढे टाइप केलेला हक्कसोडीचा कागद. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. शेजारी साडी-चोळीची पिशवी. "ताई, फॉर्मॅलिटी आहे गं." तिने वाचायला घेतला तर मामांनी घसा खाकरला.

सरकारी नोंदणीशिवाय असल्या हक्कसोडीला जमिनीच्या बाबतीत काही अर्थ नसतो, हे माहीत नसतं असं नाही. माहीत असतं, म्हणून तर पुढची पायरी: वारस नोंदीच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातून बहिणींची नावंच गाळायची. तलाठ्याने नाव धरलं नाही म्हणजे मालकी गेली असं समजणाऱ्यांनो, फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी त्यातून ठरत नाही! काही जण आणखी हुशार, वडील जिवंत असतानाच त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीचं सोडपत्र मुलीकडून घेतात. जो हक्क अजून जन्मालाच आलेला नाही तो सोडणार कसा? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 6 वाचा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा जन्मापासूनचा, 2005 ची कायदा दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरीही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. आणि सगळे विसरतात ती म्हातारी! कर्ता मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको आणि प्रत्येक मुला-मुलीइतकाच एक सारखा हिस्सा त्याच्या आईचा असतो. तिला ओट्यावर बसवून तिचाच अंगठा घेता, लाज वाटत नाही?

पुरे झाला उपरोध. नालायकपणा आहे हा. गंगापूर रोडला प्लॉट घ्यायला उन्हात चार तास उभे राहता, पीक विम्यासाठी रांगा लावता, आणि अर्ध्या तासाच्या कागदाला "अभद्र" म्हणता? भीती मरणाची नसते तुम्हाला, बहिणीला हिस्सा द्यावा लागेल याची असते. बायकोला कर्ज किती हे कळेल याची असते. खाती, पॉलिसी, लॉकर, उसनवारी, गट नंबर आज रात्री एका वहीत लिहा आणि वही तिच्या हातात द्या. नॉमिनी तपासा. मृत्युपत्राला तारीख टाका, साक्षीला तुमच्याहून तरुण दोघं बोलवा. बहिणीला द्यायचं नसेल तर स्वतःच्या हिश्श्यापुरतं तसं स्वच्छ लिहा आणि तिच्या तोंडावर सांगा. तेवढी हिंमत नसेल तर दशक्रियेला जाजमावर पेन काढू नका.