सोलरच्या नावाने फिरणारा तो फॉरवर्ड

आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर चवथीपासून एकच मेसेज फिरतोय. म्हणे सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज जाते तेवढी ते जन्मात परत देत नाही, गोव्यात चार महिने पाऊस, ईव्ही म्हणजे विजेवरची गाडी शेवटी कोळशावरच चालते, आणि गोव्यात कोळशाचं पॉवर स्टेशनच नाही तर आपल्याला काय त्याचं.

पहिला मुद्दा सरळ थाप आहे. पॅनलला वॉरंटी 25 वर्षांची, बनवताना लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत वसूल.

पावसाचं अर्धं खरं. जुलैत उत्पादन आपटतंच, पण 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात ते वर्षभराचे, पावसाळ्यासकट, आणि नेट मीटरिंग, म्हणजे लाइनला दिलेली वीजही मोजणारा मीटर असला की उन्हाळ्यातले जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आपल्याकडे खरा त्रास माडांच्या सावलीचा, त्यावर फॉरवर्डवाला गप्प! दुसरं म्हणजे लाईट गेली की साधा ऑन-ग्रीड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला सोलरपण बंद पडतो, खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. लाईट गेल्यावरही पाहिजे तर बॅटरी घ्या, ती महाग, आणि विकणारे हे आधी सांगत नाहीत हा माझा राग आहेच.

ईव्हीचा हिशेब करूनच बघा ना. एका युनिटात स्कूटर 30 किमी जाते, आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यावर, युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला 23-24 ग्रॅम, चार्जिंगचा लॉस धरून 30 म्हणा. पेट्रोलच्या लिटरला 2.3 किलो, 45 चं मायलेज धरलं तर किलोमीटरला 50 ग्रॅमच्या वर, म्हणजे कोळशाच्या विजेवरही ईव्हीचं कमीच.

आणि पॉवर स्टेशन नाही म्हणे! अरे बाबा, आपली बरीचशी वीज छत्तीसगडच्या कोरबा आणि मध्य प्रदेशच्या विंध्याचलहून येते, धूर तिथले लोक खातात. वास्कोत उतरतो तो कोळसा मुख्यतः कर्नाटकातल्या स्टील प्लांटचा, तो वेगळा विषय.

पण पॅनलच्या आधी वर बघा, जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30. चार पंखे दहा तास चालले तर महिन्याला 54 युनिट वाचतात, म्हणजे जवळपास अर्ध्या किलोवॅटचं पॅनल घ्यायलाच नको.