फौज लवकर सोडली म्हणून ओआरओपी (वन रँक वन पेन्शन) नाही, हे कसं चालेल?

हे मी फौजीची बायको म्हणून लिहितेय, तावातावानं लिहिलं गेलं तर समजून घ्या. आमच्या साताऱ्याकडं कुणी मुदतीआधी फौज सोडून घरी आला की गावाचा पहिला प्रश्न, काय झालं, काढलं का? कुणी काढत नाही हो. जवानाची 15 वर्षं भरली की पेन्शन बसते, ऑफिसरची 20 वर्षांनी, त्यानंतर घरच्या अडचणीसाठी अर्ज करून बाहेर पडता येतं, आणि तेही वरून मंजुरी आली तरच.

अर्ज का करतो माणूस? आई अंथरुणाला खिळलेली, दुसरा भाऊ नाही, जमिनीची केस कोर्टात, पोरगं दहावीला, बायको एकटी सगळं ओढतेय आणि मिळालेली सुट्टी दवाखान्यात नाहीतर कुणाच्या लग्नात संपते. ऑफिसर लोकांचं वेगळं, वर जागाच कमी, एकदा निवड बोर्डात प्रमोशन हुकलं की ज्युनियर पुढं जातात, मग चाळिशीतच दुसरं काहीतरी सुरू करावं वाटतं, त्यात चूक काय?

आता मूळ दुखणं. ओआरओपी म्हणजे रँक सारखी, सर्व्हिस सारखी, तर पेन्शन सारखी, रिटायर कधीही झालेला असो. 2011 मध्ये राज्यसभेच्या ज्या समितीनं हे द्या म्हणून सांगितलं तिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेच, जे नंतर आपल्याकडं राज्यपाल होते. 5 सप्टेंबर 2015 ला तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर साहेबांनी ओआरओपी जाहीर केली पण स्वतःहून सोडणाऱ्यांना मिळणार नाही म्हणाले, लगेच गोंधळ झाला, तर दुसऱ्याच दिवशी फरिदाबादच्या सभेत पंतप्रधानांनी सांगितलं की लवकर बाहेर पडणाऱ्या जवानांनाही मिळेल. किती बरं वाटलं होतं तेव्हा! आणि 7 नोव्हेंबरला ऑर्डर निघाली त्यात काय, तर इथून पुढं जे स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेतील त्यांना नाही. पुढं डिसेंबर 2022 मध्ये पेन्शन रिवाइज झाली तेव्हा वगळायची तारीख थेट 1 जुलै 2014 धरली. म्हणजे ऑर्डर निघायच्या आधीच जे घरी आले होते तेही बाहेर! त्यांनी अर्ज करताना असा काही नियमच नव्हता, मग त्यांनी काय ओळखायचं होतं?

पेन्शन बंद होत नाही, महागाई भत्ताही मिळतो, तेवढं खरं. मिळत नाही ती दर 5 वर्षांनी नव्यानं रिटायर झालेल्यांच्या पेन्शनशी होणारी बरोबरी. पण जवान घरी येतो पस्तिशी-चाळिशीत, पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला त्याच पेन्शनवर काढायचीत, त्यामुळं हा फरक वाढतच जातो. त्याच रँकचा, तेवढीच सर्व्हिस केलेला आणि तसाच अर्ज करून 2013 ला आलेला माणूस ओआरओपीत बसतो, 2016 ला आलेला नाही. सियाचीनची थंडी दोघांना सारखीच लागली ना?

काही जण म्हणतात सगळेच सोडायला लागले तर ट्रेनिंग दिलेली माणसं जातील. मान्य, पण त्यासाठीच मंजुरी फौजेच्या हातात आहे, गरज असेल तर अर्ज नाकारा. एकदा तुम्हीच सही करून सोडलं की आयुष्यभर शिक्षा कशाला?

जानेवारी 2025 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या दिल्लीच्या मुख्य पीठानं लवकर बाहेर पडलेल्या या लोकांच्या बाजूनं निकाल दिला. माझं म्हणणं एवढंच आहे की फायदा फक्त केस लढणाऱ्यांना नको, सगळ्यांना द्या. गावाकडचा निवृत्त हवालदार दिल्लीला वकील कुठून लावणार?

आणि ज्यांच्या घरात आत्ता अर्जाचा विचार चालू आहे त्यांनी घाई करू नका. वहिनींनो, तुम्हीही सोबत बसा, सर्व्हिसची मुदत पुरी व्हायला किती राहिलंय ते बघा, ओआरओपीचं काय होणार ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी मागून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, मगच सही करा.