'बटणांचे फोन म्हणजे नुसत्या जुन्या आठवणी' म्हणणाऱ्यांना उत्तर

स्मार्टफोनला बटणांचा कीबोर्ड हवा असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, आणि ते हौसेने पुढे पाठवलंही जातं: टचस्क्रीनवर टायपिंग जलद होतं, चुका ऑटोकरेक्ट सांभाळतो, बटणं निम्मी स्क्रीन खातात, आणि लोकांनी नाकारली म्हणूनच ती गेली. आता ती मागणारे जुन्या आठवणींत रमलेत, झालं. मी आधी बरीच वर्षं बटणांवर लिहिलं, आता दिवसभर काचेवर लिहितो. मला हे उत्तर पटत नाही.

आधी वेग. २०१९ साली आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ३७ हजारांहून अधिक लोकांचं मोबाइलवरचं टायपिंग तपासलं. सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास निघाला. आकडा चांगलाच आहे. पण तिथे तुलना होती ती संगणकाच्या मोठ्या कीबोर्डशी. अंगठ्याने दाबायच्या छोट्या बटणांपेक्षा काच वेगवान असते, असं त्यातून निघत नाही.

आणि खरा प्रश्न नजरेचा आहे. जुन्या साध्या फोनवर ५ या आकड्यावर बारीकसा उंचवटा असायचा. अंगठा तिथे टेकला की बाकीची बटणं कुठे आहेत ते हाताला कळायचं. २००८च्या ब्लॅकबेरी बोल्ड या बटणांच्या स्मार्टफोनवर ओळींच्या मधे धातूच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक बटणाला हलका उतार दिला होता. बटण दाबण्याआधीच अंगठ्याला ठाऊक असायचं की आपण कडेवर आहोत की मधोमध. लिहिताना नजर वाक्यावर राहायची.

यावर 'हल्लीचे फोन थरथरतात की' असं सांगतात. थरथरतात, पण बोट काचेवर टेकल्यावर. 'काहीतरी दाबलं गेलं' एवढंच ती थरथर सांगते. बोट योग्य जागी आहे का, हे आधी सांगत नाही. म्हणून नजर सारखी खाली कीबोर्डवर, मग वर वाक्यावर, पुन्हा खाली. काचेवर पाण्याचे चार थेंब पडू द्या, मग बघा काय काय टाइप होतं ते.

ऑटोकरेक्ट सोयीचा आहे, यात वाद नाही. त्याच अभ्यासात तो वापरणारे अधिक जलद लिहीत होते. गंमत म्हणजे कीबोर्डच्या वर सुचवलेले शब्द निवडत बसणारे मात्र मागे पडत होते. पण ऑटोकरेक्टची मदत त्याला माहीत असलेल्या शब्दांपुरतीच. काही टच कीबोर्ड तर पुढचं अक्षर कोणतं असेल याचा अंदाज बांधून त्या अक्षराची दाबायची जागा गुपचूप मोठी करतात. डोळ्यांना ते दिसतही नाही. नेहमीच्या शब्दांना हे छान चालतं. आडनाव, गावाचं नाव, बोलीतला शब्द आला की गाडी अडते. मी 'व्हय' लिहायला जावं आणि त्याचं 'होय' व्हावं, असं किती वेळा झालंय! बोलीत लिहिणाऱ्याला आपल्याच शब्दासाठी फोनशी झगडावं लागतं. पासवर्ड टाकताना तर ही मदत नसतेच, तिथे बोट आणि काच एवढंच.

स्क्रीनचा मुद्दा अर्धा खरा आहे. व्हिडिओ किंवा नकाशा बघताना बटणं जागा अडवतात, आणि २००७ मध्ये आयफोन दाखवताना अॅपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांचा आक्षेप हाच होता: गरज असो नसो, ती बटणं तिथेच. मात्र लिहिताना काचेवरचा कीबोर्डही खालचा मोठा भाग झाकतोच. ज्याला उत्तर देतोय तो निरोपच वर सरकून दिसेनासा होतो.

एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करतो. देवनागरीसाठी काच वरदान ठरली. रोमन अक्षरं छापलेल्या तीस-पस्तीस बटणांवर आपली मुळाक्षरं, मात्रा आणि जोडाक्षरं बसवायची कुठे? काचेवर एका स्पर्शात कीबोर्ड मराठी होतो.

पण याच कारणामुळे 'लोकांनी नाकारलं' हे म्हणणं लंगडं पडतं. बटणं असली की प्रत्येक भाषेसाठी वेगळी छपाई आली, स्क्रीनखालून बाहेर येणारा सरकता कीबोर्ड असेल तर जाडी आली, झिजणारे सुटे भाग आले. सपाट काच एकदा बनवली की जगभर विकता येते. उत्पादकाला ती सोयीची होतीच. ब्लॅकबेरी मागे पडली त्यात अॅप्सच्या टंचाईचा मोठा वाटा होता. तिची नवी प्रणाली २०१३ साली आली तोवर लोक दुसरीकडे रुळले होते. उलट अँड्रॉइडचा बाजारात आलेला पहिला फोन, २००८चा एचटीसी ड्रीम, सरकत्या कीबोर्डचाच होता. पुढे बाजारात चांगला, ताजा, बटणांचा फोन शोधूनही मिळेनासा झाला. दुकानात नसलेली वस्तू लोकांनी घेतली नाही, याला नाकारणं कसं म्हणायचं?

आणि मागणी संपलेली नाही. २०२४ मध्ये क्लिक्स नावाचा कीबोर्ड आला. कव्हरसारखा आयफोनला चढतो, बटणं फोनच्या खालच्या टोकाला येतात आणि लिहिताना अख्खी स्क्रीन मोकळी राहते.