‘काळ्या रानात पोटॅश कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

चिप्सच्या बटाट्याला पालाश (पोटॅश) द्यावे, या माझ्या लेखावर आपण लिहिता, ‘काळ्या रानात पालाश मुळातच भरपूर असतं. शेतकऱ्याच्या गळ्यात गोण्या मारायची दुकानदारी बंद करा. लागलंच तर ०:०:५० ची (५० टक्के पालाश असलेल्या विद्राव्य खताची) एक फवारणी पुरते.’ मुद्दा खुशाल मांडा, टोमणा कशासाठी? लेखात एकाही कंपनीचे नाव नाही. चिप्सचा बटाटा तपासून घेणे हे माझे काम. गोण्या मी विकत नाही.

माती परीक्षण आधी, हे मान्य. काळ्या मातीत आकडा बहुधा चढाच येतो, तेही मान्य. पण कागदावर असलेले सगळे मुळाला वेळेवर मिळतेच असे नाही. चिकणमातीच्या थरांत अडकलेले पालाश सावकाश सुटते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची चढाओढ. बटाट्याची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटात, आणि कंद पोसायला लागला की मागणी एकदम वाढते. १० टन माल रानातून ५० ते ६० किलो पालाश घेऊन जातो. आकडा जास्त आला तर मात्रा कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. कमी पडले तर दरवेळी वजन घटेलच असे नाही. गोणी आपटली की गर आतून निळा-काळा पडतो, तळल्यावर चिप्स करपट दिसतात. वरून माल छानच दिसत असतो.

उलट बाजूही लेखात होतीच, आपण ती वाचली नसावी. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, जादा झाले की कंदात पाणी वाढते, शुष्क पदार्थ घटतो. क्लोराईड त्यात भर घालते. म्हणून चिप्सच्या मालाला सल्फेट ऑफ पोटॅश बरे, महाग असले तरी. म्युरेटच वापरायचे तर अर्धे लागवडीला, बेण्यापासून चार बोटे बाजूला, नाहीतर कोंब भाजतो. उरलेले भर लावताना.

फवारणीचा हिशेब आपणच करा. २०० लिटर पाण्यात २ किलो ०:०:५० म्हणजे पालाश १ किलो; १० टन माल नेतो ५० ते ६० किलो.

बाकी भाषेबद्दल काय बोलणार! काढणीनंतर ५ किलो बटाटे जाळीत घालून पाण्यात बुडवून तोला. ३७५ ग्रॅम भरले तर विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा; शुष्क पदार्थ जास्त तर हा आकडा जास्त) १.०८१. ३०० भरले तर १.०६४, आणि तो माल चिप्सवाला परत पाठवतो, रान काळे असो की तांबडे.