क्रिस सेलच्या सौद्यात बोस्टनने भविष्य विकले नव्हते

नामांकित पिचरसाठी (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूसाठी) उदयोन्मुख खेळाडू देणारा संघ स्वतःचे भविष्य विकतो, आणि डिसेंबर २०१६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने शिकागो व्हाइट सॉक्सकडून क्रिस सेलला घेतले तो सौदा याचा पुरावा आहे, असे विधान बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये सतत फिरत असते. हे विधान मला साफ चुकीचे वाटते.

त्याचा पहिला आधार असा की सेलच्या बदल्यात शिकागोला दिलेले योआन मोंकाडा आणि पिचर मायकेल कोपेक हे हमखास तारे होते. मोंकाडाला करारबद्ध करतानाच बोस्टनने ३ कोटी १५ लाख डॉलर बोनस दिला होता, तेव्हा किंमत भारी होती यात शंका नाही. मात्र २०१९ चा एक उत्तम हंगाम वगळता मोंकाडाला ती उंची पुन्हा गाठता आली नाही, आणि कोपेकच्या कोपरावर २०१८ मध्येच शस्त्रक्रिया करावी लागली. अनुभवी पिचरचा हात दगा देतो म्हणणाऱ्यांनी तरुण पिचरचा हातही तितकाच नाजूक असतो, हे विसरू नये.

दुसरा आधार सेलच्या दुखापतीचा आहे आणि खरी गल्लत इथेच होते. सौद्याच्या वेळी सेलच्या जुन्या, बाजारभावाच्या मानाने स्वस्त कराराचे तीन हंगाम उरले होते. बोस्टनने विकत घेतले ते हे तीन हंगाम. २०१७ मध्ये त्याने ३०८ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, २०१८ मध्ये नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर सरासरी अवघ्या २.११ धावा लागल्या, आणि त्या वर्षी बोस्टनने जिंकलेल्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेतला, शेवटचा बळीही त्यानेच मिळवला. सेलच्या कोपरावरची मार्च २०२० ची शस्त्रक्रिया ज्या काळात भोवली, त्या काळासाठीचा १४.५ कोटी डॉलरचा करार मार्च २०१९ मध्ये स्वतंत्रपणे झाला होता, त्यामुळे त्याचा दोष २०१६ च्या सौद्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

डेट्रॉइटने १९८७ मध्ये अनुभवी पिचर डॉयल अलेक्झांडरसाठी पुढे महान पिचर ठरलेला तरुण जॉन स्मोल्ट्झ गमावला, हे उदाहरण मात्र मला मान्य आहे. तो तोटा खराच मोठा होता. तरीही आधी पाहावे लागते ते संघाची स्थिती. २०१६ मध्ये बोस्टनने ९३ सामने जिंकून आपला विभाग जिंकला होता. याउलट सलग दोन हंगाम प्लेऑफबाहेर (हंगामाअखेरच्या बाद फेरीबाहेर) राहिलेल्या पिट्सबर्गने २०१८ मध्ये पिचर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ या तरुण खेळाडूंना सोडले. आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो अशा सौद्यावर घ्यावा.