रुखवत परत न्यायला आलेला टेम्पो

आज इथं सोलापुरात होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. जुन्या मैत्रिणीची लेक. लग्न वेळेवर लागलं, शेंगापोळी पोटभर खाल्ली, पोरगी इतकी गोड दिसत होती की तिच्या लहानपणीच्या झबल्यांची आठवण झाली. हात धुवून रुखवत नीट बघावं म्हणून मांडणीपाशी गेले, तर एक पोरगा सप्तपदीची पावलं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरत होता. लाल फेल्टची, कडेला सोनेरी लेस. चांगली केलेली होती. मला वाटलं, नवरीच्या सामानात चाललीत. तर म्हणाला, "नाही ओ ताई, संध्याकाळी विजापूर रोडला लग्न आहे, तिथं मांडायचंय. टेम्पो थांबलाय."

एक पाऊल उचलून उलटं केलं. मागे स्टिकर. नग ७. मधल्या पाटीवरची नवरा-नवरीची नावं वेल्क्रोनं चिकटवलेली होती, ती त्यानं माझ्यादेखत चर्रकन ओढून काढली आणि पिशवीत टाकली. नवरी अजून पंगतीत बसलेली होती हो! तिकडे घास भरवायचं चाललं होतं, उखाणे चालले होते, आणि इकडे तिचं नाव उचकटून झालं होतं.

त्या पोराचा काही दोष नाही, तो त्याचं काम करत होता. पण घरी आल्यापासून मला काही सुचत नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होईल, वाचायचं असेल त्यांनी वाचा.

मंडप भाड्यानं आणा. खुर्च्या, भांडी, झुंबर, घोडा, फेटे, सगळं आणा. पण रुखवत? मुलीच्या माणसांनी तिच्यासाठी रात्री जागून केलेल्या वस्तू म्हणजे रुखवत, आणि ते तिच्याबरोबर सासरी जायचं असतं. सकाळी एकीचं आणि संध्याकाळी दुसरीचं, अशा मांडणीला दुसरं काहीही नाव द्या, रुखवत म्हणू नका.

आमच्या ताईचं लग्न २००४ सालचं. तेव्हा आम्ही साखर पेठेत राहायचो. शेजारी अक्का. पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. अक्का बिड्या वळायची, आणि तिचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. लग्न महिन्यावर आलं तेव्हा आईनं नवी पेठेतून फेल्टचे ताव आणले आणि पावलं कापायचं काम मला दिलं. माझ्या कात्रीनं कडा अशा चावल्या की पावलं कुणाची म्हणून सांगावीत! अक्का दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली, बराच वेळ बघत होती. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "दे इकडं." तेंदूची पानं कापायची तिची ती कात्री. दिवसाला हजार बिड्या म्हणजे हजार पानं, सगळी एका मापाची. पेन्सिलीची रेघ न मारता तिनं पावलं कापली. एकावर एक ठेवली तर केसाचा फरक नाही.

संध्याकाळी मामा आले. त्यांनी एक ताव उजेडाला धरला, ताणून बघितला, परत उलटा केला. "ह्यात उभा धागा कुठाय? आडवा कुठाय?" जन्म सगळा ताण्या-बाण्यात गेलेला माणूस, त्यांना ते कापडच वाटेना. आई म्हणाली, "आमच्या गावाकडं धनगरांचं जेन असतं ना, तसलं. घोंगडी विणतात, जेन विणत नाहीत. लोकर पसरायची, पाणी मारायचं आणि तुडवून, लाटून एकजीव करायची." म्हणूनच फेल्ट कुठूनही कापा, दशा सुटत नाहीत, कड दुमडून शिवायला लागत नाही. (हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचं असतं, पण गुण तोच.) म्हणजे ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही त्यानंसुद्धा करावं असं हे सामान आहे! आणि तेही आपण भाड्यानं आणायचं!

पोरी नोकऱ्या करतात, लग्नाच्या दोन दिवस आधी पुण्याहून येतात, आयांची कंबर जाते. बरं, मान्य. पण मी काय चाळीस नग करा म्हणते का? एक करा. घरात वीस माणसं महिनाभर व्हॉट्सअॅपवर कपड्यांचे रंग ठरवतात, त्यातल्या दोघांना एक संध्याकाळ मिळत नाही?

परत आमच्याकडे येते. पावलांच्या सात जोड्यांपुढे सात पाट्या ठेवायच्या होत्या. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, असं करत सातवं सख्यासाठी. दादा तेव्हा पुण्यात शिकत होता, त्यानं शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला. गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली निघालेली ती संस्था. जाड, मऊ, कडा न कापलेला कागद, हातातून सोडवेना. पण त्यावर बोरू टेकवला की शाई फुटायची. 'अन्नासाठी'चा नुसता डाग झाला. आई रडायला आली, कारण कागद मोजून आणलेला. तेव्हा मामा म्हणाले, "सुताला खळ देतेत तशी ह्याला द्या की." मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ देतात, धागा तुटू नये, पिंजू नये म्हणून. मामांनी स्वतः मैद्याची पातळ खळ शिजवली, कागदाला हलक्या हातानं लावली, गच्चीत वाळवली. मग दादानं काचेच्या पेपरवेटनं तो घोटला. पूर्वी पोथ्या-दफ्तरांसाठी घोटीव कागद असाच खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटून करायचे, हे मला फार नंतर कळलं. मामांना कुणी शिकवलं नव्हतं. शाई जागच्या जागी बसली.

अक्कानं विचारलं, हा कागद कशाचा. दादा म्हणाला, सुती चिंध्यांचा. बारीक तुकडे करतात, पाण्यात कुटून लगदा करतात, चाळणीसारख्या साच्यावर उचलतात, दाबतात, वाळवतात. अक्का मामांकडे बघून हसली. "म्हणजे आपल्याच कारखान्यातल्या चिंध्या की!"

आणि लग्नाच्या आदल्या रात्री ती पदराखाली झाकून काहीतरी घेऊन आली. क्रेप कागदाच्या फुलांची बतुकम्मा, तेलुगू बायका सणाला फुलं रचून पुजतात ती. खाली रुंद, वर निमुळती, थरावर थर, पिवळ्या फुलांचा, मग गुलाबी, मग पांढरा, आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा. आम्हाला न सांगता केली होती. दिवसभर बिड्या वळून झाल्यावर, रात्री. आमच्या रुखवतात बतुकम्मा! सासरच्या बायकांनी विचारलंच, हे काय, तुमच्यात असतं का हे? आई म्हणाली, "असतं." ताईच्या सासूबाईंनी ती काचेच्या कपाटात ठेवली. रंग उडालाय, पण आजही आहे तिथे. तिच्या मागे नग नंबर नाही.

हे लिहिताना राग जरा उतरला होता, पण ते वेल्क्रो आठवलं की परत चढतो. अहो, आपण सोलापूरकर! दर जानेवारीत अख्खं गाव ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला जातं. सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, बाशिंग बांधून नटतात, बाराबंदी घातलेली माणसं ते पेलत निघतात, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. ते नंदीध्वज उद्या कुणी भाड्यानं आणले, संध्याकाळी टेम्पोत घालून दुसऱ्या गावाला पाठवले, तर चालेल का आपल्याला? देवाच्या लग्नात जे चालत नाही ते लेकीच्या लग्नात कसं चालतं?

कुणी म्हणेल, रुखवत हा मुलीकडच्यांवरचा भारच होता, सासरच्या बायका नग मोजायच्या, नावं ठेवायच्या. होतं तसं. वाईटच होतं ते. मग मोजणं बंद करा ना. किंवा दोन्ही घरांनी मिळून करा, मुलाच्या मावशीलाही कात्री द्या.

आणि हो, ती भाड्याची पावलंही कुणीतरी हातानंच केलीत. जुळे सोलापुरात नाहीतर अशोक चौकात एखादी बाई रात्री बसून ती लेस चिकटवत असेल. तिच्याशी माझं भांडण नाही, हात चांगला आहे तिचा. तिच्याकडून विकत घ्या, पोरीचं नाव तिच्याकडून घट्ट लिहून घ्या आणि ते पोरीबरोबर जाऊ द्या. एकच जोड परवडत असेल तर एकच घ्या.

एक सांगायचं राहिलं. अक्कानं चौदा नाही, पंधरा पावलं कापली होती. मला वाटलं मोजताना चुकली. तिनं ते पंधरावं आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तुमच्याकडं राहू दे. पोरीला माघारी यायला लागतंय की." ताईच्या बाळंतपणात ती घरी आली तेव्हा आईनं ते उंबऱ्यावर ठेवलं होतं. एरवी ते आईच्या कपाटात, बांगड्यांच्या डब्याखाली असतं. आज घरी आल्या आल्या मी आईला फोन करून आहे ना म्हणून विचारलं. आहे.

मामा आता नाहीत. अक्का कुंभारीच्या घरकुलात असते, डोळ्यांना कमी दिसतं, बिड्या सोडल्यात. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलंय. रविवारी दुपारी मी फेल्ट, कागद आणि खळ घेऊन अक्काकडे जातेय. यायचं त्यांनी मला मेसेज करा, लहान मुलांनाही आणा. कात्री मात्र आपापली आणा, अक्का तिची कुणाच्या हातात देत नाही.